टेस्टला येताना उपाशीच या: पेशीतून चरबी सुटणं शरीर कसं चालू-बंद करतं ते वाचा

आमच्याकडे मेटाबॉलिझम टेस्टला येणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आठवड्यात कितीतरी वेळा असं होतं की माणूस वेळेवर येतो, खुर्चीत टेकतो, आणि मास्क लावायच्या आधी बोलता बोलता कळतं की निघताना दोन घोट काहीतरी गोड पिऊन आलाय नाहीतर घसा दुखतोय म्हणून चघळायची गोळी अजून तोंडातच आहे. मग टेस्ट होत नाही, दुसरी तारीख घ्यावी लागते, त्यांची सकाळ वाया जाते आणि त्या वेळेला दुसरं कोणी येऊ शकलं असतं तेही राहतं. "अहो एवढ्याशानं काय होतंय" हे प्रत्येक जण विचारतो आणि प्रश्न चुकीचा नाहीये, म्हणून उत्तर नीट लिहूनच काढलं.

टेस्टमध्ये काय मोजतो ते थोडक्यात. मास्कमधून तुम्ही किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडला ते मशीन बघतं. कार्बन डायऑक्साइडला ऑक्सिजननं भागलं की जो आकडा येतो तो आरक्यू. शरीर निव्वळ चरबी जाळत असेल तर तो ०.७ च्या आसपास, निव्वळ कार्ब्स जाळत असेल तर १.०, आणि बहुतेक लोक उपाशीपोटी या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असतात. चरबीच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन फार कमी असतो त्यामुळे ती जाळायला हवेतला जास्त लागतो, म्हणून आकडा खाली येतो.

आता मुख्य गोष्ट. चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराइडचा एक मोठा थेंब असतो, पेशीची जवळजवळ सगळी जागा त्यानंच व्यापलेली असते. एका ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिड जोडलेली म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि ते आहे तसं पेशीबाहेर पडू शकत नाही, आधी तोडावं लागतं. तीन एन्झाइम एकामागोमाग एक हे काम करतात आणि प्रत्येक जण एकेक फॅटी ॲसिड मोकळं करतो. पहिली पायरी एटीजीएल नावाचं एन्झाइम करतं हे २००४ मध्ये कळलं, त्याआधी सगळं श्रेय दुसऱ्या पायरीवरच्या एचएसएलला मिळत होतं. थेंबाच्या बाहेरच्या बाजूला पेरिलिपिन नावाच्या प्रोटीनचा थर असतो आणि एरवी तो या एन्झाइम्सना थेंबाला हात लावू देत नाही.

हे सुरू कधी होतं? उपाशी असताना, व्यायाम करताना, थंडीत, टेन्शनमध्ये. मज्जातंतूंमधून नॉरॲड्रिनलिन येतं, रक्तातून ॲड्रिनलिन येतं, ते पेशीच्या बीटा रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) बसलं की आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो (अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं ते हार्मोनचा निरोप पेशीच्या आत कसा जातो यावर, आणि हा रेणू त्यांनीच शोधला). सायक्लिक एएमपी वाढलं की पुढचं एन्झाइम जागं होऊन पेरिलिपिनवर आणि एचएसएलवर फॉस्फेट चिकटवतं, थर बाजूला होतो, एचएसएल थेंबाशी जातं आणि तोडणं जोरात सुरू. सुटलेली फॅटी ॲसिड अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला धरून रक्तातून स्नायूंकडे, हृदयाकडे, लिव्हरकडे जातात, ग्लिसरॉल लिव्हरमध्ये जातं आणि त्यापासून ग्लुकोजही बनू शकतं.

आणि ब्रेक म्हणजे इन्सुलिन. खाल्लं की स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं आणि चरबीच्या पेशीत ते सायक्लिक एएमपी मोडणारं एन्झाइम वाढवतं. सायक्लिक एएमपी गेलं की फॉस्फेट लागायचं थांबतं, पेरिलिपिनचा थर परत जागेवर, काम बंद. हा ब्रेक अगदी थोडक्यात लागतो हे लोकांना माहीतच नसतं!! रक्तातली साखर स्नायूंमध्ये ओढायला जेवढं इन्सुलिन लागतं त्याच्या बऱ्याच कमी इन्सुलिनमध्ये चरबी तोडणं थांबतं. म्हणजे तुम्हाला पोटात काही गेल्यासारखं वाटतही नाही आणि चरबीच्या पेशींना मात्र निरोप पोचलेला असतो. वर त्याच वेळी जी काही फॅटी ॲसिड पेशींमध्ये पोचलेली असतात त्यांना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळायच्या जागेत, शिरायचा रस्ताही बंद होतो, कारण ग्लुकोज भरपूर असताना मॅलोनिल कोए नावाचं द्रव्य वाढतं आणि ते दारातच अडवतं. दोन्ही बाजूंनी चरबी बाजूला आणि साखर पुढे, ग्राफवर आरक्यू चढायला लागतो, आणि तो रिपोर्ट तुमच्या शरीराबद्दल काही सांगत नाही, तुम्ही येताना काय प्यायलात तेवढंच सांगतो.

"मग अर्धा-एक तास बसतो ना इथेच, नंतर घ्या." हे नाही चालत हो. अर्ध्या-एक तासात तर इन्सुलिन साधारण सगळ्यात वर असतं, ते खाली यायला आणि फॅटी ॲसिड परत पहिल्या पातळीला यायला काही तास जातात. म्हणून आम्ही शेवटच्या जेवणानंतर निदान १० तास मागतो. काही ठिकाणी कधीही या, करून टाकू म्हणतात, आकडा त्यांच्याही मशीनवर येतोच, पण तीन महिन्यांनी दुसरी टेस्ट करून त्याच्याशी तुलना करायला गेलात की दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. आम्ही परत पाठवतो तेव्हा राग येतो हे समजतं, पण चुकीचा रिपोर्ट हातात देऊन तुमचा पुढचा सगळा प्लॅन त्यावर उभा करणं आम्हाला पटत नाही.

नेहमी निसटणाऱ्या गोष्टी सांगतो. दूध, कारण त्यात साखर न घालताही स्वतःची साखर असतेच. प्रोटीन शेक, "यात कार्ब्स नाहीत" म्हणून घेऊन येतात, पण प्रोटीननंही इन्सुलिन वाढतं. बिनसाखरेची काळी कॉफी वेगळ्या बाजूनं घोळ घालते, कॅफिननं ॲड्रिनलिन वाढतं आणि फॅटी ॲसिड जास्त सुटतात, मग रिपोर्ट तुमच्या नेहमीच्या स्थितीचा राहत नाही, सिगरेटमधल्या निकोटिनचंही तसंच. जिने पळत चढून येऊ नका, आदल्या संध्याकाळी जबरदस्त वर्कआउट नको. साधं पाणी हवं तेवढं प्या. आल्यावर आम्ही वीस मिनिटं शांत झोपवून ठेवतो त्याला लोक कंटाळतात पण तेही याचसाठी आहे, आणि मास्क लागल्यावर घाबरून भराभर श्वास घेतला तर साठलेला कार्बन डायऑक्साइड उगाच बाहेर पडतो आणि आरक्यू १ च्याही वर जातो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांचं रीडिंग आम्ही धरतच नाही.

आरक्यूचा आकडा कमी आला म्हणून लगेच खूशही होऊ नका. चरबी सुटणं वेगळं आणि चरबी कमी होणं वेगळं. सुटलेली फॅटी ॲसिड वापरली गेली नाहीत तर ती परत ट्रायग्लिसराइड बनून साठवली जातात, हे चक्र दिवसभर चालूच असतं. आदल्या दिवशी जेवणात तेल-तूप-लोणी भरपूर असेल तरी सकाळी आरक्यू खाली दिसतो, पण त्यातली बरीचशी चरबी ताटातली असते. पूर्ण दिवसात, पूर्ण आठवड्यात तुम्ही खर्चाच्या मानानं किती कमी खाताय त्यावर साठा कमी होणं अवलंबून आहे, आणि त्यासाठीच आमच्या टेस्टमधला दुसरा आकडा, म्हणजे आराम करताना शरीराला किती कॅलरी लागतात तो, जास्त कामाचा आहे. आम्ही तो प्रत्येकाला समोर बसवून समजावून देतो, त्याचा वेगळा चार्ज नाही.

यावरूनच कळेल की आम्ही फॅट बर्नर कॅप्सूल का ठेवत नाही, रोज विचारणा होते तरी. नुसतं तोडणं वाढवून खर्च वाढत नसेल तर काय उपयोग. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी जाईल हेही नाही, चरबी सुटायचा निरोप रक्तातून सगळीकडे जातो आणि कुठली पेशी किती ऐकते ते तिच्यावरच्या रिसेप्टरवर ठरतं. बऱ्याच बायकांच्या मांड्यांवरची चरबी शेवटपर्यंत हटत नाही त्याचं एक कारण हेच, तिथे थांबवणारे अल्फा-२ रिसेप्टर जास्त असतात. त्यात तुमची मेहनत कमी पडतेय असं काही नाही.

औषधांबद्दल मात्र नीट वाचा. इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टसाठी स्वतःच्या मनानं काहीही बंद करायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारा आणि मग आम्हाला सांगा. टाइप १ डायबेटिसमध्ये इन्सुलिन चुकलं तर चरबी बेफाम तुटायला लागते, लिव्हर त्यातून कीटोन बनवत सुटतं आणि रक्त आम्लयुक्त होतं, त्यात जीवही जाऊ शकतो. ब्लड प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर ती गोळी नेहमीसारखीच घ्या, फक्त फॉर्मवर नाव लिहा म्हणजे रिपोर्ट वाचताना आम्ही ते धरून वाचू.

सकाळचे पहिले स्लॉट उपाशी येणाऱ्यांना सगळ्यात सोपे पडतात, ते लवकर भरतात, तेव्हा बुकिंग करतानाच मागून घ्या. आणि चुकून काही खाल्लं गेलं तर निघायच्या आधी एक फोन करा, तारीख बदलून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.