कर्कूब्रीत दोन मुक्काम कशासाठी?
(स्कॉटलंड सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार,

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचा फोन एकाच गोष्टीसाठी येतो. एडिनबरा समजलं, लॉख नेस समजलं, पण हे कर्कूब्री काय आहे आणि तिथे दोन रात्री काय करायचं? फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून हे पत्रक.

आधी नाव. पाटीवरची अक्षरं जशीच्या तशी वाचलीत तर 'कर्ककडब्राइट' होईल. गावातले लोक 'कर्कूब्री' म्हणतात, 'कू'वर जोर देऊन. अर्थ साधा आहे: संत कथबर्टचं चर्च. स्कॉटलंडच्या नैऋत्य टोकाला, गॅलोवे भागात, डी नदीच्या खाडीवर हे छोटं बंदर आहे. इथली रेल्वे १९६५ साली बंद झाली. डम्फ्रीज स्टेशनपासून गाव साधारण ४५ किमी, म्हणून तिथून पुढे आपली गाडी.

पहिल्या वर्षी आम्ही इथे जेवणापुरते दोन तास ठेवले होते. ते चुकलं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, खाडीत नुसता चिखल, आणि लोक हिरमुसले. उधाणाच्या दिवसांत इथल्या पाण्याची पातळी सहा-सात मीटरने वरखाली होते. सकाळी बोटी चिखलात टेकलेल्या दिसतात आणि दुपारी त्याच बोटी धक्क्याला डुलत असतात. ओला चिखल आणि भरलेली खाडी, दोन्ही उजेड वेगवेगळ्या तऱ्हेने परत फेकतात. रंगरेषेची माणसं, म्हणजे चित्रकार, या गावाकडे ओढली गेली त्यात या उजेडाचा मोठा वाटा आहे. तो बघायला एक आख्खा दिवस तरी हवाच.

त्या माणसांत पहिलं नाव ई. ए. हॉर्नेल यांचं. जन्म १८६४ चा, ऑस्ट्रेलियातला, पण बालपण इथलंच. 'ग्लासगो बॉइज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुण चित्रकारांच्या गटात ते होते. १८९३-९४ मध्ये मित्र जॉर्ज हेन्री यांच्यासोबत ते जपानला जाऊन राहिले, १९०७ मध्ये श्रीलंकेलाही गेले. १९०१ साली त्यांनी हाय स्ट्रीटवरचं ब्रॉटन हाउस घेतलं आणि बहीण एलिझाबेथ यांच्यासह शेवटपर्यंत, म्हणजे १९३३ पर्यंत, तिथेच राहिले. घर, स्टुडिओ, पुस्तकांचा मोठा संग्रह, सगळं आजही आहे. देखभाल नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही वारसा जपणारी संस्था करते. मागची बाग चिंचोळी आहे आणि थेट नदीपर्यंत उतरत जाते. जपानच्या आठवणी त्या बागेत जागोजागी सापडतात. आधी चित्रं बघा, मग बागेत बसा. फुलांच्या गर्दीत हरवलेल्या मुलींची ती चित्रं बागेत बसल्यावर जास्त कळतात, असा आमचा अनुभव आहे. घर हिवाळ्यात बंद असतं, म्हणून आपली सहल उन्हाळ्यातच निघते.

त्याच रस्त्यावर थोडं पुढे हिरवं फाटक आहे. पुस्तकांसाठी अतिशय नाजूक रेखाटनं करणाऱ्या जेसी एम. किंग आणि त्यांचे पती ई. ए. टेलर यांचं हे घर. पहिल्या महायुद्धात पॅरिस सोडून १९१५ मध्ये ते इथे आले. जेसी किंग यांनी बाटिकचं कामही इथे केलं. फाटकाआडच्या बोळात, ज्याला इथे 'क्लोज' म्हणतात, इतर कलावंत स्त्रियाही राहून गेल्या. आत लोक राहतात, तेव्हा बाहेरूनच पाहायचं आणि आवाज जपायचा.

चित्रकार चार्ल्स ओपनहायमर मँचेस्टरकडचे; ते इथे स्थायिक झाले आणि गावातलं पाणी, बर्फ, छपरं यांची चित्रं काढत राहिले. स्कॉटिश चित्रकार सॅम्युएल पेप्लो पुन्हा पुन्हा येऊन चित्रं काढत. या मंडळींची कामं एकत्र पाहायची तर जुन्या टाउन हॉलमधल्या कर्कूब्री गॅलरीज, २०१८ पासून सुरू झालेल्या. तिथे आपण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी टोलबूथ चुकवू नये. सतराव्या शतकातली ही इमारत म्हणजे गावची कचेरी आणि तुरुंग. आज तिथे कला केंद्र आहे. एल्स्पेथ मॅकइवन या बाईला चेटकीण ठरवून इथे कोंडलं आणि १६९८ मध्ये मारून जाळलं. त्या दगडी जिन्याशी उभं राहिलं की हे वाचलेलं वेगळंच वाटतं. पुढे १७७० मध्ये जॉन पॉल जोन्स हा याच भागातला खलाशी, जहाजावरच्या एका सुताराच्या मृत्यूच्या आरोपावरून इथेच अटकेत होता. तो सुटला, अमेरिकेच्या नौदलात नावारूपाला आला आणि १७७८ मध्ये युद्धनौका घेऊन परत आला, तो गावाजवळच्या सेंट मेरीज आइलवरून तिथले उमराव अर्ल ऑफ सेल्कर्क यांना पळवून न्यायला. अर्ल घरीच नव्हते. खलाशांनी चांदीची भांडी उचलली. जोन्सने ती पुढे स्वतः विकत घेऊन परत पाठवली. सेंट मेरीज आइल नावाला बेट, प्रत्यक्षात जमिनीला जोडलेलं टोक आहे. तिथली पायवाट सपाट आणि झाडीची आहे, ज्येष्ठांनाही झेपते.

बंदराजवळचा मॅकलेलन्स कॅसल १५८२ च्या सुमाराचा, आणि त्याचे दगड जुन्या फ्रान्सिस्कन मठाचे. दिवाणखान्यातल्या चुलाण्यामागे एक छोटी खोली आहे, तिथून मालक पाहुण्यांचं बोलणं चोरून ऐके. तिला 'लेअर्ड्स लग', मालकाचा कान, म्हणतात. आत प्रवेश सुरू आहे का ते त्या आठवड्यात तपासून सांगू. बाहेरून तर दिसतोच.

गाव सगळं चालतच पाहायचं आहे, म्हणून पायाला सवयीचे झालेले जुने बूट आणा. वाऱ्यासाठी टोपीचं जाकीट हवंच, जूनमध्येही. मासे खाणाऱ्यांनी स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले) नक्की खावेत, इथल्या बोटी तेच पकडतात. शाकाहारी मंडळींच्या जेवणाचं आम्ही आधी बोलून ठेवतो. लसूण-कांदा वर्ज्य असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. जूनमध्ये रात्री दहाच्या पुढेही उजेड असतो, तेव्हा जेवण लवकर उरकून धक्क्यावर यायचं. भरतीची वेळ रोज पुढे सरकते. त्या दिवशीची वेळ आदल्या रात्री सगळ्यांना कळवू.