बार व्यवस्थापन शिक्षण, भारतातील

मद्य व मद्येतर पेयांची खरेदी, साठवण, मोजमाप, मिश्रण व विक्री यांचे, तसेच बार चालविण्याचे व्यावसायिक प्रशिक्षण. भारतात ते बहुधा स्वतंत्र शाखा म्हणून नव्हे, तर हॉटेल व्यवस्थापन अभ्यासक्रमातील ‘खाद्य व पेय सेवा’ या विषयात दिले जाते.

आरंभ : ब्रिटिशकालीन क्लब, लष्करी मेस व आगबोटींवर गोवेकर बटलर आणि स्ट्यूअर्ड हे काम उमेदवारीने शिकत. ही परंपराही आरंभ मानता येईल. तथापि तीत ठरावीक अभ्यासक्रम वा परीक्षा नव्हती. त्यामुळे सामाजिक कार्यकर्त्या लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये मुंबईत निघालेल्या केटरिंग शिक्षणाच्या संस्थेपासून (सध्या दादर येथे) गणना करणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र तिच्या स्थापनेमागे देशातील अन्नटंचाईची चिंता होती, बारची नव्हे. शिवाय तेव्हा मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. मद्यविषयक भाग तेथे नेमका केव्हा रुजला, हे म्हणूनच स्थापनावर्षावरून ठरविणे धोक्याचे. दारूबंदी शिथिल झाल्यानंतरचा काळ अधिक संभवनीय वाटतो. राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद १९८२ मध्ये स्थापन झाली.

आशय : वाइन, बिअर व स्पिरिटांची (व्हिस्की, रम यांसारख्या ऊर्ध्वपातित मद्यांची) निर्मिती, कॉकटेल आणि साठानियंत्रण हे मुख्य घटक. ७५० मिलि.च्या बाटलीतून ३० मिलि.चे २५ पेग निघतात. प्रत्यक्षातील घट धरूनच विक्रीदर ठरवावा लागतो. मद्यार्काच्या तीव्रतेची जुनी ब्रिटिश मोजणी अजून शिकावी लागते : तीत १०० अंश प्रूफ म्हणजे घनफळाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क, म्हणून ४२.८ टक्क्यांचे मद्य ७५ अंश प्रूफ ठरते. अमेरिकी पद्धतीत अंश टक्केवारीच्या बरोबर दुप्पट असल्याने तेच मद्य तेथे ८५.६ प्रूफ होते. परीक्षेत घोटाळा होतो तो येथेच. महाराष्ट्रात परमिट रूमचा परवाना (एफएल-३), साठ्याच्या नोंदवह्या व ग्राहकाची वयोमर्यादा यांची माहितीही आवश्यक असते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी पाठ्यक्रमांचा भर स्कॉच व फ्रेंच वाइनवरच राहिला आहे.

रोजगार व कायदा : पंजाब अबकारी अधिनियम, १९१४ याच्या कलम ३० नुसार मद्यपान चालते त्या जागी कोणतीही स्त्री वा २५ वर्षांखालील पुरुष नोकरीस ठेवता येत नसे. हा कायदा दिल्लीतही लागू होता. बारावीनंतर तीन वर्षांत पदवी घेणारा विद्यार्थी जेमतेम एकवीस वर्षांचा असतो. म्हणजे शिक्षण होते, पण बारची नोकरी निषिद्ध. दिल्ली उच्च न्यायालयाने हे कलम स्त्रियांवरील बंदीपुरते रद्द ठरविले व ‘अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया’ या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. हॉटेल व्यवस्थापनाचे पदवीधर लहान वयात उत्तीर्ण होतात, याचा निकालपत्रात उल्लेख आहे.

अलीकडे शहरांतून बारटेंडिंगचे अल्पमुदतीचे खाजगी वर्गही चालतात.