टॉवरशी बोलताना जीभ का अडखळते?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि उलवे-पनवेलच्या आकाशात वर्दळ वाढली. सांताक्रूझचा विमानतळ इथून सरळ रेषेत 25 किलोमीटरच्या आसपास. सेसनासारखं छोटं विमान हे अंतर सात-आठ मिनिटांत कापतं. म्हणजे या टापूतून हौसेचं विमान न्यायचं, तर रेडिओवर टॉवरमधल्या किंवा दुसऱ्या कुठल्या तरी हवाई नियंत्रकाशी सतत बोलत राहणं आलं. नेमकी तिथेच हौशी आणि शिकाऊ वैमानिकांची गाडी अडते. वाऱ्याशी झुंजणारा गडी माईकचं बटण दाबताना घाबरतो.

दोष सहसा इंग्रजीवर टाकला जातो, मराठी शाळेतून आलेल्यावर तर हमखास. मला हे निदान अर्धवट वाटतं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, ते अमेरिकेतले हौशी वैमानिकही हीच तक्रार करतात. रेडिओवरची ही ठरावीक बोली घडली कशी आणि कुणासाठी, ते पाहिलं की गाठ थोडी सुटते.

सुरुवातीला बोलणंच नव्हतं. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, सरकारने बिनतारी यंत्रांसाठी कायदा केला. घरातल्या रेडिओसाठीही लायसन्स काढावं लागायचं, ते दिवस जुन्या माणसांना आठवत असतील. त्याच परंपरेत विमानातला रेडिओ अडकला. विमान चालवायचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देणार आणि विमानातून बोलायचं दूरसंचार खातं. बोलण्याच्या या लायसन्ससाठीची ‘आरटीआर’ नावाची परीक्षा वर्षातून मोजक्या वेळा, मोजक्या शहरांत व्हायची. उडणं वेगळं आणि बोलणं वेगळं, अशी फाळणी तेव्हापासूनची. घोकंपट्टीला यापेक्षा सुपीक जमीन कुठली?

यंत्राचाही वाटा आहे. विमानांचा आवाजी रेडिओ आजही 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या एएम पद्धतीने चालतो. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं की कर्कश शिट्टी ऐकू येते. एफएममध्ये जोरदार आवाज दुबळ्याला गिळून टाकतो आणि कुणी बुडालं हे कळतही नाही. एएममध्ये निदान शिट्टी तरी वाजते. म्हणून ही पद्धत टिकली. पण 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची विमानं धावपट्टीवर धडकली, तेव्हा ती पुरी पडली नाही. ‘थांबा, मी बोलावतो’ हे टॉवरचं वाक्य आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे पॅन अ‍ॅमचं वाक्य एकमेकांवर आदळलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ एवढं स्वच्छ पोचलं, पुढे शिट्टी. 583 माणसं गेली. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, हा दंडक त्यानंतरचा.

आज पाठ करायला लागणारी कितीतरी वाक्यं अशीच कुठल्या ना कुठल्या ढिगाऱ्यातून आली आहेत. 19 फेब्रुवारी 1989 ला क्वालालंपूरजवळ ‘टू फोर झीरो झीरो’ म्हणजे 2,400 फुटांवर या, असं सांगितलं गेलं; मालवाहू बोइंगच्या चमूने ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ असं धरलं आणि 400 फुटांचा बेत करून ते टेकडीवर आदळले. पुढच्या वर्षी, 25 जानेवारी 1990 ला, कोलंबियाहून आलेलं आव्हियांकाचं विमान न्यूयॉर्कच्या वाटेवर तासाहून जास्त घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आल्याचं चमूने सांगितलं, ‘प्रायॉरिटी’ मागितली. ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र उच्चारला नाही. नियंत्रकांना प्रसंगाची धार कळली नाही आणि 73 जण दगावले. पुढे आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांना किमान चौथी पायरी मागितली. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून 349 जण गेले, तेव्हाही कझाक विमानाच्या रेडिओवर बोलणारा माणूस एक आणि विमान हाकणारे दुसरे होते.

हे सगळे पगारी चमू होते. बोलायला एक आणि उडवायला एक, अशी सोय त्यांना असते. त्यांच्या अपघातांतून घडलेली बोली हौशी वैमानिकाच्या हाती जशीच्या तशी येते. तो एकटाच हँडल धरतो, नकाशा बघतो, आकडे टिपतो आणि रीडबॅकही देतो, म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवतो.

त्यात ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या मुलाला जवळ शिकायची सोय नाही. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा, पण तोही प्रशिक्षणाची उड्डाणं धुळ्याला नेतो. बाकीचे शिरपूर नाहीतर गोंदिया गाठतात. तिथल्या निवांत फ्रिक्वेन्सीवर तोंड सरावलेला मुलगा मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर आला, की सकाळी ठाण्याला लोकलमध्ये शिरताना होतं तेच होतं: दार दिसतं, पाय ठेवायला जागा नसते. नियंत्रक एका दमात दिशा, उंची, हवेचा दाब आणि पुढची फ्रिक्वेन्सी सांगतो. दोन आकडे निसटतात. मग ‘से अगेन’, पुन्हा सांगा, म्हणायच्या ऐवजी मुलगा अंदाजाने काहीतरी परत वाचतो, आणि धोका तिथे आहे. न कळणं नव्हे, न कळल्याचं लपवणं जास्त महाग पडतं.

अमेरिकेला हे एका डोंगराने शिकवलं. 1 डिसेंबर 1974 ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीच्या विमानाला ‘अप्रोच’ची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी मिळाली. आता खाली उतरायला हरकत नाही, असा वैमानिकांनी तिचा अर्थ लावला. उंचीची काळजी वैमानिक घेईल, असं नियंत्रक धरून चालला. विमान डोंगरावर आदळलं, 92 जण मेले. या अपघातानंतर 1976 मध्ये नासाकडे गोपनीय नोंदींची यंत्रणा सुरू झाली. वैमानिक असो वा नियंत्रक, घोटाळा झाला तर तिथे लिहून कळवतो आणि त्याचं नाव उघड होत नाही. तिथल्या नियमपुस्तिकेत शिकाऊ वैमानिकाने पहिल्याच कॉलमध्ये ‘स्टुडंट पायलट’ असं सांगावं असा सल्लाही आहे, म्हणजे नियंत्रक त्याला सांभाळून घेतो. मला हा एवढासा उपाय भाषेच्या सहा पायऱ्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे नवा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि आरटीआर दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आली. उडण्याची आणि बोलण्याची परीक्षा इतक्या वर्षांनी एका छपराखाली आली आहे. तिथे ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापायचे की वाढवायचे, हे आता डीजीसीएनेच ठरवायचं.