जुन्या दुकानांच्या काचा खाली ओघळतात का?

फॉरवर्ड येतो की काच म्हणजे अतिशय संथ वाहणारा द्रव, म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या ब्रिटिश डिपार्टमेंट स्टोअरच्या काचा खाली जाड झाल्यात. वाचायला पटतं, पण तसं नाहीये. नेहमीच्या तापमानाला काच घनच असते. साध्या खिडकीची काच तेव्हा फुंकून बनवायचे, त्यामुळे ती पहिल्यापासूनच कमीजास्त जाडीची असायची. शोकेसची मोठी काच मात्र लोखंडी टेबलावर ओतून, रोलर फिरवून, मग दोन्हीकडून घासून पॉलिश करायचे, म्हणून ती बरीच सपाट (१८४५ मध्ये काचेवरचा कर गेला आणि अशा काचा परवडायला लागल्या). तपासायचंय? दुरुस्तीला काढलेल्या जुन्या काचा कॅलिपरने मोजा, जाड कड कधी वर, कधी बाजूलाही सापडते. आणि काच खरंच वाहत असती तर शेकडो वर्षं जुन्या दुर्बिणींची भिंगं केव्हाच बिघडली असती.