हंगामी मजुरालाही पेन्शन आहे

"कापसाच्या जिनिंग कारखान्यात चार महिने राबणाऱ्याला कसली पेन्शन? ती कायम कामगाराची." सातपुड्यातून जळगाव-धुळ्याकडे उतरणाऱ्या पावरा, भिल्ल मजुरांना हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे खोटं आहे. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ हंगामी कामगाराची वर्षातली सेवा, कितीही कमी भरली तरी, पूर्ण वर्ष धरते. म्हणजे पीएफ लागू असलेल्या जिनिंगात दहा वर्षांचे हंगाम भरले, की ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क. ठेकेदाराकडचा मजूरही त्यात येतो. अडतं ते नोंदणीपाशी: हजेरी वहीत नाव असतं, पीएफमध्ये नसतं. आणि हंगाम संपल्यावर "पैसे काढून घे" हा सल्ला तर घातकच. पेन्शनची रक्कम काढली की मोजलेली वर्षं पुसली जातात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेल्या वर्षांचा दाखला, घ्या. पुढच्या कामाची वर्षं त्यात जोडली जातात.