व्याख्या आणि उदाहरणवाक्यांतून इंग्रजी शब्दसंग्रह

नवा इंग्रजी शब्द नुसत्या मराठी प्रतिशब्दाशी जोडून पाठ करण्याऐवजी त्याची सोप्या इंग्रजीतली व्याख्या, वापराची दोन-तीन वाक्ये आणि शेवटी स्वतः रचलेले एक वाक्य अशा क्रमाने तो आपलासा करण्याची पद्धत. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांच्यासाठी केलेली लर्नर्स डिक्शनरी हे तिचे मुख्य साधन. मराठी माध्यमातून शिकलेले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि नोकरीत इंग्रजी पत्रव्यवहार करावा लागणारे यांना ती फार उपयोगी पडते. त्यांना वाचताना शब्द कळतो, पण लिहायला बसले की तो वाक्यात कसा बसवायचा हे सुचत नाही. ही अडचण दूर करण्याचा हा भरवशाचा मार्ग आहे.

प्रतिशब्द कुठे अडतो

‘रिलक्टंट’ हा शब्द घेऊ. इंग्रजी-मराठी कोशात त्याच्यासमोर ‘नाखूष’, ‘अनिच्छुक’ असे अर्थ सापडतात. विद्यार्थी ‘नाखूष’ पाठ करतो आणि ‘मी निकालावर नाखूष आहे’ या अर्थाने ‘आय ॲम रिलक्टंट विथ माय रिझल्ट’ असे लिहितो. वाक्य चुकले, कारण मराठीतला ‘नाखूष’ एखाद्या गोष्टीवर असतो, तर इंग्रजीतला ‘रिलक्टंट’ एखादी कृती करण्याबाबत असतो. व्याख्या पाहिली तर हे लगेच कळते: ‘नॉट वॉन्टिंग टू डू समथिंग, अँड देअरफोर स्लो टू डू इट’. यातला ‘देअरफोर स्लो’ हा तुकडा सर्वांत मोलाचा आहे. ‘अनविलिंग’ माणूस तयारच नसतो. ‘रिलक्टंट’ माणूस पुष्कळदा ती गोष्ट शेवटी करतो, पण पाय ओढत. मराठीत याच्या अगदी जवळचे काही असेल तर ते विशेषण नव्हे, ‘जिवावर येणे’ हा वाक्प्रचार आहे. पहाटे उठायचे जिवावर येते, तरी माणूस उठतो. पण ही जोडी सुचते ती व्याख्या वाचल्यावर, आधी नाही.

असे अडथळे रोजच्या शब्दांतही आहेत. ‘सांगणे’ या एका क्रियापदासाठी ‘से’ आणि ‘टेल’ हे दोन शब्द, म्हणून ‘ही सेड मी’ ही चूक. ‘मला समजावून सांग’ याचे ‘एक्स्प्लेन मी’ होते, पाहिजे ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘विषयावर चर्चा करणे’ यामुळे ‘डिस्कस अबाउट’ येते, वास्तविक ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. कडक चहा ‘स्ट्राँग’ असतो, जोरदार वारा ‘स्ट्राँग’ असतो, पण जोरदार पाऊस मात्र ‘हेवी’. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असे ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये मांडले, ते याच अर्थाने. हे सोबती प्रतिशब्दात दिसत नाहीत, वाक्यात दिसतात.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द आणखी फसवतात. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. ‘पेशंट सिरियस आहे’ हे मराठीत तब्येतीबद्दल असते, इंग्रजीत तेच वाक्य ‘रुग्ण गंभीरपणे बोलतोय’ असेही कळू शकते. ‘लाइट गेली’ यातली लाइट म्हणजे वीज. हे शब्द आपल्याला येतात असे गृहीत धरल्यामुळे त्यांची व्याख्या कोणी उघडूनच पाहत नाही.

लर्नर्स डिक्शनरी कशी घडली

मराठी-इंग्रजी कोशांचा आरंभ राज्यकर्त्यांच्या गरजेतून झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. ज्याला मराठी कागद वाचायचे आहेत अशा इंग्रज अधिकाऱ्याच्या तो सोयीचा होता. मोल्सवर्थने आरंभलेला आणि टॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये निघाला. इंग्रजी वाक्य लिहू पाहणाऱ्याची गरज मात्र वेगळी, आणि तिचा विचार पुढच्या शतकात झाला.

त्यातले एक महत्त्वाचे पाऊल आपल्याच उपखंडात पडले. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी पाहिले की बंगाली मुलांना कोशातली व्याख्या शब्दापेक्षा अवघड जाते. वेस्ट आणि एन्डिकॉट यांच्या 1935 च्या कोशात म्हणूनच सगळ्या व्याख्या फक्त 1,490 निवडक शब्दांत लिहिल्या होत्या. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरल्ड पामर यांच्याबरोबर जपानमध्ये काम केलेल्या ए. एस. हॉर्नबी यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो नव्याने काढला. कोणत्या क्रियापदानंतर काय येते, याचे साचे त्यात प्रत्येक शब्दाबरोबर दिले होते. 1978 च्या लाँगमन कोशाने व्याख्यांसाठी सुमारे 2,000 शब्दांची मर्यादा घातली. 1987 मध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या लेखन-संभाषणातून उदाहरणे उचलली आणि व्याख्याही पूर्ण वाक्यात दिल्या. पूर्ण वाक्यातल्या व्याख्येचा फायदा मोठा. ‘इव्हिक्ट’ म्हणजे ‘हाकलणे’ एवढेच कळले तर मांजरालाही ‘इव्हिक्ट’ केले जाईल. ‘घरमालक भाडेकरूला इव्हिक्ट करतो तेव्हा तो त्याला कायद्याच्या आधारे घर सोडायला लावतो’ अशी व्याख्या असली की कर्ता कोण, कर्म कोण आणि प्रसंग कोणता हे तिच्यातच मिळते.

कोणते शब्द आधी

वारंवार येणाऱ्या पहिल्या 2,000 शब्दकुलांनी साध्या इंग्रजी मजकुरातला फार मोठा भाग व्यापलेला असतो. ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ असे एकाच मुळाचे शब्द मिळून एक शब्दकुल होते. त्यानंतर महाविद्यालयीन वाचनासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली 570 शब्दकुलांची शैक्षणिक यादी घ्यावी. कादंबरी किंवा वर्तमानपत्र आधाराशिवाय वाचायला 8,000 ते 9,000 शब्दकुले लागतात, असा शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा 2006 चा हिशेब आहे. तो 98 टक्के शब्द ओळखीचे असावेत या गृहीतकावर मांडलेला आहे. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द. 95 टक्क्यांवर तेच पंधरा होतात आणि वाचन अडखळते.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत नेमका उलटा क्रम दिसतो. आद्याक्षरानुसार लावलेल्या दुर्मीळ शब्दांच्या यादीपासून सुरुवात होते, ‘ए’ संपेपर्यंत उत्साह संपतो आणि ‘प्रोव्हाइड’ किंवा ‘अव्हॉइड’नंतर काय येते हे तसेच कच्चे राहते. ‘अव्हॉइड’नंतर ‘टू गो’ चालत नाही, ‘गोइंग’ लागते. परीक्षेच्या निबंधात गुण जातात ते अशा ठिकाणी.

इंग्रजी व्याख्येचा हट्ट मात्र पहिल्या दिवसापासून धरू नये. पहिल्या हजार-दीड हजार शब्दांपर्यंत मराठी अर्थच बरा, नाहीतर एका शब्दासाठी व्याख्येतले तीन शब्द शोधावे लागतात. वस्तूंच्या नावांना व्याख्या लागतच नाही. ‘कोरिअँडर’ म्हणजे कोथिंबीर किंवा धने, विषय संपला.

कार्ड करणे

वहीत ‘शब्द’ आणि ‘अर्थ’ असे दोन रकाने आखण्याची शाळेची सवय मोडणे कठीण जाते, पण वहीत क्रम ठरलेला असतो आणि डोके अर्थाऐवजी जागा लक्षात ठेवते. सुटी कार्डे घ्यावीत. पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुरतो. 

समोरच्या बाजूला रिकामी जागा सोडलेले वाक्य लिहावे आणि गाळलेल्या शब्दाचे पहिले अक्षर द्यावे. ‘द ओल्ड फार्मर वॉज आर— टू सेल हिज बुलक्स, बट ही नीडेड मनी फॉर हिज डॉटर्स कॉलेज फीज.’ मागे पाच गोष्टी: शब्द आणि आघाताची (उच्चारात जोर कुठे द्यायचा त्याची) खूण, एका ओळीची व्याख्या, साचा (‘रिलक्टंट टू’ अधिक क्रियापद), मराठी छटा (‘जिवावर येणे’) आणि स्वतःचे वाक्य.

वाक्य चांगले की वाईट हे झाकून पाहिल्यावर कळते. ‘ही वॉज रिलक्टंट’ यातला शब्द झाकला तर तिथे आनंदी, उंच, आजारी काहीही बसेल. हे वाक्य काहीच शिकवत नाही. बैलांच्या वाक्यात ‘बट’नंतरची गरज दिसते, म्हणून दुसरा शब्द बसायला जागाच उरत नाही. वाक्य आठ ते अठरा शब्दांचे असावे आणि त्यात दुसरा अनोळखी शब्द नको. एकाच कार्डावर दोन अर्थ लिहू नयेत. बँकेतला ‘इंटरेस्ट’ आणि आवडीतला ‘इंटरेस्ट’ यांची कार्डे वेगळी.

स्वतःचे वाक्य हा या पद्धतीचा कणा आहे आणि धोकाही तिथेच आहे. चुकीचे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले की तेच पक्के होते. म्हणून कार्डावर शाईने लिहिण्याआधी कोशातल्या उदाहरणाशी साचा ताडून पाहावा: तेच शब्दयोगी, तेच क्रियापदाचे रूप, नामापुढे ‘ए’ आहे की नाही. कोशातली ‘अनकाउंटेबल’ ही खूण नजरेआड होऊ देऊ नये. मराठीत ‘सल्ले’ होतात, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ लिहिले जाते. ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय सोयीची असली तरी तिला मर्यादा आहेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज, ‘रिसीट’ म्हणजे पावती, यांतली न उच्चारली जाणारी अक्षरे देवनागरी बरोबर गाळते. पण आघात ती दाखवत नाही. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. कोश जोराच्या अवयवाआधी छोटी उभी रेघ देतात, ती कार्डावर उतरवावी आणि ऑनलाइन कोशात आवाज एकदा ऐकून मोठ्याने म्हणावे.

किती आणि किती वेळा

एका कार्डाला सहा-सात मिनिटे लागतात. रोज सहा शब्दांना पाऊण तास, शिवाय उजळणीला पंधरा मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस नवी कार्डे आणि एक दिवस फक्त उजळणी, असे धरले तर वर्षाला दीड हजाराच्या वर कार्डे होतात. नोकरी करणाऱ्याने चारच घ्यावीत. रोज तीस शब्दांचा संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडतो, कारण नव्या शब्दांपेक्षा जुन्यांच्या उजळणीचा ढीग वाढत जातो आणि ते आधी लक्षात येत नाही.

विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्यावरून उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी ठेवता येते. झेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये सांगितलेली पेटी याहून सोपी. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करायचे. आठवले तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पाचवा महिन्यातून एकदा. फोनवरची अँकीसारखी ॲप्स हाच हिशेब आपोआप ठेवतात, पण इतरांनी तयार केलेला गठ्ठा उतरवून घेतला तर त्यातली वाक्ये आपली नसतात आणि निम्मा लाभ जातो.

उजळणी म्हणजे मागची बाजू वाचणे नव्हे. आधी रिकामी जागा भरायची, शब्द कागदावर लिहायचा, मगच कार्ड उलटायचे. पाहून ‘हो, हे येतंय’ वाटणे ही ओळख झाली. लिहिताना शब्द हाताशी येणे निराळे.

सारखे दिसणारे किंवा जोडीचे शब्द एकाच दिवशी घेऊ नयेत. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ एकत्र शिकले की कोणता उसना घेण्याचा आणि कोणता देण्याचा हे पुढे कायम गोंधळते. एक पक्का झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, दुसरा घ्यावा.

तीन महिन्यांनी पाचव्या कप्प्यातून बाहेर गेलेल्या कार्डांतली वीस डोळे मिटून काढावीत. पंधराहून कमी आठवली तर नव्या शब्दांची रोजची संख्या दोनने कमी करावी. जी कार्डे तीनदा पहिल्या कप्प्यात परत येतात त्यांचा दोष बहुतेक वेळा वाक्यात असतो. ते खोडून त्याच शब्दासाठी दुसरे, अधिक प्रसंग दाखवणारे वाक्य लिहावे.