वडिलांचा गुन्हा कबूल करणारा राजा : दुसरा मुर्सिली

इ.स.पू. चौदाव्या शतकात इजिप्तच्या एका विधवा राणीने आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हिटाइटांचा सम्राट पहिला सुप्पिलुलियुमा याला पत्र धाडलं. नवरा वारला आहे, मुलगा नाही, तुझा एखादा मुलगा पाठव, त्याच्याशी लग्न करीन, असा मजकूर होता. ही राणी बहुधा इजिप्तचा राजा तुतनखामुन याची विधवा असावी. सम्राटाचा विश्वास बसेना. त्याने माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि मग झन्नन्झा नावाच्या मुलाला रवाना केलं. तो मारला गेला. संतापलेल्या बापाने सीरियातल्या इजिप्तच्या मुलखावर सैन्य घातलं. लढाई जिंकली, पण पकडून आणलेल्या कैद्यांबरोबर रोगाची साथही घरात आली. पुढे स्वतः सम्राट आणि त्याच्यामागून गादीवर आलेला थोरला मुलगा अर्नुवंदा दोघेही गेले. तेही बहुधा याच साथीत.

सुमारे इ.स.पू. १३२१ मध्ये धाकटा मुलगा मुर्सिली राजा झाला. हे पोर काय राज्य राखणार, असं शेजारी उघड बोलू लागले. त्याने पहिल्या दहा वर्षांतच उत्तरेच्या कास्का टोळ्यांना आवरलं आणि पश्चिमेचं अर्झावा राज्य मोडलं. या मोहिमांचा वर्षवार वृत्तान्त त्याने स्वतःच लिहवून घेतला.

मला मात्र तो मोठा वाटतो तो त्याच्या प्रार्थनांमुळे. साथ वीस वर्षं हटत नव्हती. शेतं नांगरायला, देवांच्या भाकरी करायला माणसं उरली नव्हती. मुर्सिलीने कौल लावले, जुन्या मातीच्या पाट्या काढायला लावल्या. त्यांत दोन गोष्टी सापडल्या. माला नदीचे, म्हणजे युफ्रेटिसचे, बळी देणं थांबलं होतं. आणि इजिप्तशी देवांच्या शपथेवर केलेला जुना करार सुप्पिलुलियुमाने मोडला होता. शिवाय ज्याला बाजूला सारून वडील गादीवर आले, त्या धाकट्या तुधलियाचा खूनही होताच. मुर्सिलीने यातलं काही झाकलं नाही. वडिलांनी पाप केलं, ते माझ्यावर आलं, मी ते कबूल करतो, आता तरी हिटाइटांच्या भूमीवर दया करा, अशी विनवणी त्याने वादळदेवापुढे केली. राजेलोक शिलालेखांत विजयच कोरतात. इतक्या स्पष्ट शब्दांत बापाच्या चुका लिहून ठेवणारा राजा त्या काळात विरळाच.

घरातही सुख नव्हतं. बॅबिलोनहून आलेल्या सावत्र आईने जादूटोणा करून आपल्या बायकोचा जीव घेतला, असा त्याचा आरोप होता. कौलाने देहदंडाची मुभा दिली, तरी त्याने तिला मारलं नाही. पद काढून राजवाड्याबाहेर घालवलं. एका वादळात विजेच्या कडकडाटाने घाबरून त्याची वाचा अडखळू लागली, हेही त्यानेच नोंदवून ठेवलं आहे.

या पाट्या तुर्कस्तानातल्या बोआझकाले गावाजवळ, म्हणजे जुन्या हट्टुसा राजधानीत, १९०६ पासूनच्या उत्खननांत मिळाल्या.

मुर्सिली सुमारे इ.स.पू. १२९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा मुवातल्ली इ.स.पू. १२७४ च्या सुमारास सीरियातल्या कादेशला इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्याशी लढला. इजिप्तशी नवा करार झाला तो सुमारे इ.स.पू. १२५९ मध्ये, मुर्सिलीच्या सर्वांत धाकट्या मुलाच्या, तिसऱ्या हट्टुसिलीच्या हातून.